ब्लिनीचें पीठ

रशियांत ईस्टरपूर्वींच्या मोठ्या उपवासाच्या आधीं जो आठवडा येतो, त्याला 'मास्लेनित्सा' असें नांव आहे. मराठींत त्याला लोणी-सप्ताह म्हणतां येईल. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथाच्या नियमाप्रमाणें या आठवड्यांत मांस वर्ज्य झालेलें असतें. परंतु दूध, लोणी व अंडीं यांना अद्याप मोकळीक असते. पुढील सात आठवडे तींही मिळावयाचीं नसतात. तेव्हां घरांतील दुधा-लोण्याला सन्मानानें निरोप देण्याचा जो मार्ग रशियन गृहिणींनीं काढला, तो म्हणजे ब्लिनी. ब्लिनी हीं धिरडींच होत. पण पीठ कालवलें कीं तव्यावर घातलें, असा प्रकार तेथें चालत नाहीं. ब्लिनीची सकाळ आदल्या रात्रींच सुरू होते.

संध्याकाळीं कोमट दुधांत यीस्ट विरघळवून त्यांत एकंदर पिठापैकीं निम्मेंच पीठ कालवतात. या सैल मिश्रणाला 'ओपारा' म्हणतात. जुन्या रीतीप्रमाणें पीठ कुट्टूचें असतें. उत्तर हिंदुस्थानांत उपवासाच्या पुऱ्या होतात तेंच. भांड्यावर फडकें झांकून तें ऊब असेल तेथें, वारा लागणार नाहीं अशा बेतानें, रात्रभर ठेवावयाचें. सकाळीं पाहावें तों मिश्रण फुगून वर आलेलें आणि त्यावर बुडबुडे धरलेले! मग त्यांत मीठ, वितळलेलें लोणी, अंड्यांचा पिवळा बलक आणि उरलेलें पीठ घालतात. हें दुसरें पीठ बहुधा गव्हाचें असतें. कारण कुट्टूला गव्हाचा चिवटपणा नाहीं, व चिवटपणा नसेल तर वायु धरून ठेवणार कोण? पीठ पुन्हां एकदां वर येऊं दिलें, कीं फेसलेला पांढरा बलक हलक्या हातानें मिसळून तें लहानशा लोखंडी तव्यावर पळीपळीनें सोडतात. पृष्ठभागावर बारीक जाळी पडते, आणि वरून ओतलेलें लोणी त्या जाळींत मुरतें.

या पदार्थाचा मान केवळ जिभेपुरता नव्हता. मास्लेनित्सेंतील पहिलें धिरडें मृत पितरांच्या नांवानें खिडकींत ठेवण्याची चाल अनेक ठिकाणीं होती. पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्यांतील लारिन कुटुंब ब्लिनीवांचून हा सण करीत नाहीं. चेखव्हनें तर १८८६ मध्यें एक लहानशी गोष्टच लिहिली आहे. तिच्यांतील सरकारी अधिकारी ब्लिनीची वाट पाहून अधीर होतो, लोणी, साय व मासे यांनीं तीं मोठ्या निगुतीनें सजवतो, घांस उचलून तोंड उघडतो, आणि त्याच क्षणीं झटका येऊन गतप्राण होतो!

परंतु पीठ वर आणणारी वस्तु गृहिणीला मिळे कोठून? आजच्यासारखी यीस्टची पुडी दुकानांत मिळत नसे. बियर अथवा क्वास या आंबलेल्या पेयाच्या तळाशीं जो गाळ बसे, तोच यीस्ट म्हणून वापरीत. त्याची गुणवत्ता आज एक तर उद्यां दुसरी. दूध फार तापलें तर पीठ निजलेलेंच राही; थंड राहिलें तर सकाळ टळून जाई. म्हणून दुधांत बोट घालून ऊब पाहणें, थंडीच्या दिवसांत भांडें शेगडीच्या अधिक जवळ सरकवणें, अशीं शेंकडों बारीक निरीक्षणें आईकडून मुलीकडे जात. पातेल्यांत कांहीं तरी जिवंत आहे, त्याला ऊब लागते, खाणें लागतें आणि वेळ लागतो, या समजुतीवरच हा सारा व्यवहार चाले. तसें शब्दांत कोणी मांडलें नसेल. पण हात तेंच सांगत होते.

विद्वानांना हें मान्य करावयाला किती काळ लागला, हें पाहण्यासारखें आहे. १६८० मध्यें डेल्फ्ट येथील लेव्हेनहूक यानें सूक्ष्मदर्शकाखालीं बियरमधील यीस्टचे गोल कण पाहिले. पण ते सजीव असतील असें त्याला वाटलें नाहीं. पुढें सुमारें दीडशें वर्षांनीं, १८३७ च्या सुमारास, फ्रान्समधील कान्यार द ला तूर आणि जर्मनींतील श्वान व क्युट्सिंग या तिघांनीं स्वतंत्रपणें असा निर्णय दिला कीं यीस्ट ही वनस्पतीसारखी वाढणारी सजीव वस्तु आहे. यावर रसायनशास्त्राचे धुरंधर संतापले. १८३९ मध्यें लीबिगच्या नियतकालिकांत एक निनावी टवाळी प्रसिद्ध झाली. ती स्वतः लीबिग व त्याचा मित्र व्होलर यांची होती. तींत यीस्टचे प्राणी ऊर्ध्वपातनाच्या भांड्याच्या आकाराचे दाखवून, ते साखर खातात आणि देहधर्माच्या एका मार्गानें मद्यार्क व दुसऱ्यानें वायु टाकतात, असें गंभीर चेहऱ्यानें वर्णन केलें होतें. हंसण्यासाठीं लिहिलेलें हें वर्णन, भांड्याचा आकार सोडला तर, सत्याच्या बरेंच जवळ होतें, ही त्यांतील खरी गंमत! यीस्टच्या पेशी पिठांतील साखर खातात व त्या साखरेचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायु होतो. हाच वायु धिरड्याला हलकें करतो. १८५७ पासून पाश्चरनें आपले प्रयोग मांडावयास आरंभ केला, तेव्हां कोठें हा वाद मावळूं लागला. १८६१ मध्यें येलेना मोलोखोवेत्स यांचा तरुण गृहिणींसाठीं लिहिलेला प्रसिद्ध पाकग्रंथ रशियांत निघाला. त्यांत ब्लिनीच्या कृति आहेत. त्या करणाऱ्या हातांना पाश्चरची वाट पाहावी लागली नव्हती.

हें ज्ञान एकट्या रशियाचें होतें असेंही नाहीं. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रां'त सुराध्यक्षाच्या प्रकरणीं उडीद व तांदूळ यांपासून किण्व करण्याची रीत आली आहे, आणि सुरा व किण्व यांसंबंधींचें एक काम स्त्रियांकडे व मुलांकडे सोंपविलेलें आहे. गोव्यांत पोर्तुगीज आले तेव्हां पाव फुगविण्यासाठीं माडाची सूर उपयोगी पडली. तीच सूर सान्नांच्या पिठांतही पडे. सुरेंतलें यीस्ट आणि बियरच्या गाळांतलें यीस्ट यांचें कूळ जवळचेंच.

एकोणिसाव्या शतकांत मात्र रात्रभराच्या या प्रतीक्षेवर दोन बाजूंनीं घाला आला. बर्मिंगहॅमचा औषधविक्रेता आल्फ्रेड बर्ड याच्या पत्नीला यीस्टचे पदार्थ सोसत नसत. तिच्यासाठीं त्यानें १८४३ मध्यें बेकिंग पावडर तयार केली. पीठ कालवतांच वायु सुटूं लागला, आणि अमेरिकेंतील न्याहारीचीं जाड धिरडीं पुढें बहुतेक या भुकटीवरच होऊं लागलीं. दुसरीकडे यीस्टच कारखान्यांत गेलें. व्हिएन्नामध्यें दाबलेल्या यीस्टच्या वड्या निघूं लागल्या. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यांतून अमेरिकेस गेलेल्या चार्ल्स फ्लाइशमन यानें १८६८ मध्यें सिनसिनाटी येथें तोच धंदा सुरू केला. वडीनें गृहिणीची अनिश्चितता संपविली, हें निःसंशय उपकाराचें. भुकटीविषयीं तितकें म्हणवत नाहीं. ती वायु देते, पण रात्रभर पीठ आंबतांना जो किंचित् आंबट वास व चव येते, ती तिला देतां येत नाहीं.

घरीं करून पाहावयाचें तर ब्लिनीपेक्षां 'ओलाद्यी' सोपीं. हीं लहान, जाड व अधिक फुगीर असतात, आणि रात्रीऐवजीं पहाटेचे दोन तास त्यांना पुरतात. गव्हाचें बारीक पीठ ५०० ग्रॅम, कोमट दूध अर्धा लिटर, ताजें यीस्ट २५ ग्रॅम, दोन अंडीं, चमचाभर साखर व थोडें मीठ, एवढें साहित्य लागतें. पीठ दुप्पट झालें कीं मग तें ढवळावयाचें नाहीं. चमचा प्रत्येक वेळीं पाण्यांत बुडवून पीठ कडेकडेनेंच उचलावें आणि गरम तेलांत सोडावें. मधलें पीठ तसेंच वर राहतें.