लग्नचौक आणि लग्नगडी : वारली विवाहसमारंभाची एक उपेक्षित बाजू

वारली चित्रकलेविषयी गेल्या अर्धशतकात पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बहुतेक लेखन रेषा, त्रिकोण आणि तारप्याच्या तालावरील नाच यांच्या सौंदर्यावरच स्थिरावते. ही चित्रे ज्या समारंभासाठी काढली जात, त्याचा खर्च कोठून येई व तो कोणास कसा फेडावा लागे, हा प्रश्न मात्र कलासमीक्षकांनी क्वचितच विचारला. इतिहासाच्या अभ्यासकास तो टाळता येणार नाही.

मूळच्या प्रथेत वारल्यांचे चित्र हे घर सजविण्याचे साधन नव्हते. लग्न ठरले म्हणजे कुडाची भिंत शेणाने व गेरूने सारवून तीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहीत. चौकाच्या मध्यभागी पालघट देवी. लग्न लावणारी धवलेरी ही बहुधा जमातीतीलच स्त्री असे आणि तिची गाणी हाच विवाहाचा विधी होता. ब्राह्मण पुरोहिताचे तेथे कारण पडत नसे. गाव जमे, तारपा वाजे, नाच रात्रभर चाले. समारंभ संपला की चौकाचे कामही संपे. ते चित्र जपून ठेवावयाचे नव्हतेच.

या मेळाव्यास जेवण लागे, दारू लागे, वधूपित्यास देज द्यावे लागे. वारल्यांत स्त्रीपुरुष आधी एकत्र संसार करीत आणि ऐपत आल्यावर लग्न लावीत, अशीही उदाहरणे आढळतात. तेव्हा कर्जास केवळ त्यांचा उधळेपणा कारण झाला, असे म्हणणे योग्य नव्हे. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हाती गेल्यावर ही ऐपत यावी तरी कशी? लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे उचलणे आणि ते फिटेपर्यंत त्याच्या घरी राबणे, एवढाच मार्ग उरे. अशा माणसास ‘लग्नगडी’ म्हणत. गड्याबरोबर त्याची नवपरिणीत बायकोही मालकाच्या कामास बांधली जाई. तिच्या वाट्यास श्रमाखेरीज काय येई, हे गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या ग्रंथात नोंदविले आहे. कर्ज मात्र फिटत नसे. मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीची जी चौकशी केली, तिच्या १९३९ च्या अहवालातही या वेठीचे वर्णन आहे; म्हणजे ती शासनास अज्ञात नव्हती. पालघट देवीच्या साक्षीने जो समारंभ नवदांपत्यास समाजात स्थान देई, तोच त्यांना दास्यात लोटी.

ही प्रथा मोडली तीही मेळाव्यांतूनच. १९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यानंतर २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी गावी हजारो वारली जमले व वेठ न करण्याचा निर्धार झाला. पुढे वारल्यांच्या टोळ्या गावोगाव जाऊन जमीनदारांच्या घरांतील लग्नगड्यांना सोडवून आणू लागल्या. सरकारी हुकुमाची त्यांनी वाट पाहिली नाही. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण मृत्युमुखी पडले. वेठबिगारी नष्ट करणारा देशव्यापी कायदा १९७६ चा होय.

चित्रकार भास्कर कुलकर्णी यांनी वारली पाड्यांतील चित्रे कागदावर आणविली ती १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. कागद आला आणि चित्रकलेत पुरुषही आले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांना त्यातूनच कीर्ती लाभली व २०११ मध्ये ‘पद्मश्री’ मिळाली. त्यांची प्रतिभा निर्विवाद आहे. तथापि कालक्रम ध्यानात घेतला पाहिजे : त्या वेळी चौक लिहिणाऱ्या वृद्ध सवाशिणींपैकी कित्येकींची लग्ने १९४५ पूर्वीची असणार. स्वतःच्या लग्नाचे कर्ज ज्यांनी अंगावर वागविले, त्याच स्त्रिया पुढे मुलींच्या लग्नात चौक लिहीत होत्या. धवलेरींच्या गाण्यांचे पाठ जमविणाऱ्यांनी देज, कर्ज व मालक यांचे त्यांतील उल्लेख स्वतंत्रपणे टिपून ठेवावेत. चळवळीतील कार्यकर्त्यांच्या लेखनाशी ते ताडून पाहण्याचे काम त्यानंतरच हाती घेता येईल.