ज्युदो : शेतकऱ्याच्या लेकीनं आणलं भारताचं पहिलं जागतिक पदक

साराजेव्हो (बोस्निया) इथं २६ ऑगस्ट २०२२ रोजी जागतिक कॅडेट ज्युदो स्पर्धेत मणिपूरच्या लिंथोई चानांबमनं ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकलं. अंतिम लढतीत तिनं ब्राझीलच्या बियांका रेइसला हरवलं. कोणत्याही वयोगटातलं भारताचं हे पहिलंच जागतिक ज्युदो पदक.

त्याच महिन्यात बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सुशीला देवी (४८ किलो) व तुलिका मान (७८ किलोवरील) यांना रौप्य, तर विजयकुमार यादवला (६० किलो) कांस्य मिळालं.

समोरच्याला जोरात पाठीवर पाडलं की 'इप्पॉन', म्हणजे आपलं चितपटच. लढत तिथंच संपते. पकड मात्र जाड कोटाची, पाय धरणं चालत नाही. एवढं शिकलं, तर जेसल पार्कची असो वा गावच्या तालमीतली, डाव जाणणाऱ्या पोरीला हा खेळ परका नाही.