कापूस, विस्तव आणि मधला 'मुळे'

कापसाला विस्तव लागला की कापूस जळतो. पण विस्तवामुळेच जळतो, हे तुम्ही कधी पाहिलंय?

हा प्रश्न अबू हमीद अल-गझालीचा. बगदादच्या निझामिया मदरशात शिकवताना, १०९५ मध्ये, त्याने 'तहाफुत अल-फलासिफा' हा ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं असं, की दिसतं ते एवढंच: आधी स्पर्श, मग जळणं. मधला 'मुळे' दिसत नाही. जाळतो तो ईश्वर, आणि त्याने मनात आणलं तर कापूस कोराच राहील.

रोज लॉग वाचणाऱ्या मला यातलं अर्धं तरी लगेच पटतं. एका ओळीखाली दुसरी ओळ असते. 'मुळे' आपणच घालतो.

गझालीला चमत्कारांसाठी जागा हवी होती, हे उघड आहे. गंमत म्हणजे सगळ्यात अवघड शंका त्याने स्वतःच काढली. मग घरी ठेवलेल्या पुस्तकाचं मी परतेपर्यंत जनावर झालं नसेल कशावरून? त्याचं उत्तर: तसं होऊ शकतं, पण ईश्वराचा परिपाठ ठरलेला आहे, आणि तसं घडत नाही हे ज्ञानही तोच आपल्याला देतो.

कॉर्डोबाचा न्यायाधीश इब्न रुश्द याने साधारण ११८० मध्ये या ग्रंथाला सविस्तर उत्तर दिलं. परिपाठ म्हणजे सवय, आणि सवय लागते ती पुन्हा पुन्हा करून; ईश्वराला ती कशी लागेल? कारणं नाकारलीत तर बुद्धीच नाकारलीत. मला हा वार बिनतोड वाटतो.

तरीही 'गझालीने इस्लामी जगातलं विज्ञान बुडवलं' हे इंटरनेटवरचं लाडकं वाक्य मला मान्य नाही. त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो बजावतो, की ग्रहणाचं गणित सिद्ध झालेलं आहे. धर्मासाठी म्हणून त्याच्याशी वाद घालणारा धर्माचंच नुकसान करतो. पुढे १२५९ मध्ये मराग्याची वेधशाळा उभी राहिली, ती नसीरुद्दीन तूसीच्या देखरेखीखाली. हा तूसी गझालीच्याच तूस गावचा.

विस्तव मात्र दोघांच्याही पुस्तकांना लागला. ११०९ मध्ये कॉर्डोबात गझालीचा 'इह्या' जाळला गेला. ११९५ मध्ये इब्न रुश्दला लुसेनाला हद्दपार केलं आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले. दोन्ही वेळी हुकूम सुलतानाचा होता. तिथे 'मुळे' शोधावा लागत नाही.