ओल्या बोटाची कुळकथा

दत्तजयंती येते मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला. थंडी ऐन भरात असते, आणि नृसिंहवाडीच्या घाटावर पहाटे कृष्णेत बुडी मारून आलेल्या माणसाचे हात तासाभरात पिठात घातल्यासारखे पांढरे पडतात. पेरांवर रेघा उठतात, बोटं कापडाला अडकतात. बाकीच्यांना त्याचं काही नाही, थोडं खोबरेल चोळलं की झालं. पण खिशात पत्त्यांचा कॅट बाळगणाऱ्या हातचलाखीवाल्याच्या पोटात गोळा येतो. त्याला एक पत्ता सरकवायचा असतो आणि बोट नुसतंच वरून घसरून जातं. दोन पत्ते एकच आहे असं भासवून उचलायचे, तर त्यांच्या कडा फाकतात. तळव्यात दडवलेलं नाणं ऐन वेळी टणकन फरशीवर पडतं. बरं, खोबरेल लावावं तर पत्त्यांवर डाग पडणार आणि होती नव्हती ती पकडही जाणार.

ही तक्रार मात्र हातचलाखीइतकी जुनी नाही. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या जादूगाराला ती फारशी नव्हतीच. तो जमिनीवर मांडी घालून बसतो. समोर तीन वाट्या उपड्या, प्रत्येकीच्या बुडाला एक गाठ. ती गाठ दोन बोटांच्या बेचक्यात धरून तो वाटी उचलतो, त्यामुळे बाकीची बोटं आणि तळवा मोकळे राहतात. वाटीखालून गायब होणारी आणि परत येणारी गोळी चिंध्यांची, वरून शिवलेली. चिंधीची गोळी दाबली की दबते आणि बोटांना उलट रेटते. शिवाय तिचा पोत खरबरीत. हात भेगाळलेला असो की घामेजलेला, तिला सोयरसुतक नाही. युरोपातले जादूगार याच खेळाला बुचाच्या गोळ्या वापरत, त्यांचाही गुण तोच. उन्हातान्हात, धुळीत, गावोगाव हिंडणाऱ्या माणसाने हाताला बेतेल अशी वस्तू निवडली होती. वस्तूला बेतेल असा हात करत बसायला त्याला सवड कुठली? आपल्या रंगमंचावरच्या जादूची नाळही या रस्त्याशीच जुळलेली आहे. पुण्याचे जादूगार रघुवीर भोपळे राणा नावाच्या रस्त्यावरच्या जादूगाराकडे शिकले आणि मग नाट्यगृहं भरवू लागले.

नाण्यांचंही बरंच तसंच. नाणं तळव्यात लपवतात, त्याला जादूगार ‘पाम करणं’ म्हणतात. अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा एका बाजूला, करंगळीखालचा उंचवटा दुसऱ्या बाजूला, आणि नाणं या दोहोंच्या चिमटीत फक्त कडांवर तोललेलं. बोटं वाकवायची नाहीत, ताठही ठेवायची नाहीत. अशा वेळी सगळा भार कडेवर येतो, आणि नाण्याच्या कडेला बारीक दाते असतील तर ते कातडीत रुततात. हे दाते जादूगारांसाठी पाडलेले नव्हते. चोरटे चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरून चांदी जमवत. कातरलेलं नाणं ओळखू यावं म्हणून टाकसाळींनी दाते पाडले. राणी व्हिक्टोरियाच्या रुपयाला ते होते, वजन तोळाभर म्हणजे 11.66 ग्रॅम आणि व्यास 30 मिलीमीटरच्या आसपास. कोरड्या हातालाही तो धरवायचा. आजचा स्टीलचा रुपया जेमतेम 20-22 मिलीमीटरचा आणि 4 ग्रॅमांहून हलका. मोठ्या माणसाच्या तळव्याच्या खळग्यात तो धड पोहोचतच नाही. फ्रान्सचा जादूगार रोबेर-हुदँ मूळचा घड्याळजी. नाण्यांचा सराव तो हात खिशात घालून, चालता चालता करायचा. सराव लपून राहावा हा हेतू असेलच, पण खिशातला हात ऊबदार आणि किंचित दमट राहतो, हा फायदा फुकटात मिळत होता.

खरी अडचण आणली कागदी पत्त्यांनी. त्याआधीचा गंजिफा आपल्या सावंतवाडीत अजून बनतो. दशावतारी गंजिफ्यात 10 रंग, प्रत्येकाचे 12, असे 120 गोल पत्ते, लाखेने चकचकीत केलेले. तो खेळण्यापुरताच, हातचलाखीला गोल पत्ता गैरसोयीचाच, कारण बोटाला टेकायला कोपरा नाही. छापील चौकोनी पत्ते आले तेव्हा जादूगारांना रान मोकळं झालं. मग कारखानदारांनी पत्ते आणखी सुळसुळीत केले. 1885 मध्ये अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘बायसिकल’ पत्त्यांच्या पृष्ठभागावर आज बारीक खळगे दाबलेले असतात. त्यांत हवा राहते आणि पत्ता पत्त्यावरून तरंगत सरकतो. पत्ते पिसायला झकास. पण पत्ता जितका निसटता, तितकी पकडीची जबाबदारी बोटावर. इथून पुढे वस्तू बदलण्याचा मार्ग खुंटला आणि हात बदलणं आलं.

नृसिंहवाडीच्या कोल्हापूर जिल्ह्यात हात बदलण्याची विद्या सगळ्यांना येते, फक्त उलट दिशेने. खासबागेच्या कुस्ती मैदानातला पैलवान हातावर तांबडी माती चोळतो, घाम टिपला जावा आणि पकड सुटू नये म्हणून. झुल्यावरचा सर्कशीतला माणूस हाताला पूड लावतो. सगळ्यांचा वैरी घाम, आणि जादूगार मात्र त्याच घामासाठी आसुसलेला.

याचं कारण कातडीत आहे. तळहाताला तेलाच्या ग्रंथी नसतात. तिथे फक्त घामाच्या, आणि त्या दाटीवाटीने. कोरडी कातडी कडक असते, त्यामुळे बोटावरच्या रेघांचे फक्त माथे पत्त्याला टेकतात. जराशी ओल मिळाली की वरचा थर मऊ पडतो, जास्त भाग टेकतो आणि पकड येते. ओल फार झाली की मध्ये पाण्याचा थर बसतो आणि पुन्हा घसरगुंडी. पैलवान या चढणीच्या पलीकडच्या उतारावर उभा असतो, जादूगार अलीकडे.

आता गंमत अशी, की तळहाताचा घाम उन्हापेक्षा मनाच्या ताणाने जास्त सुटतो. पहिल्यांदा चार माणसांसमोर उभ्या राहिलेल्या नवशिक्याचे तळवे आपोआप ओले होतात. त्याला उपाय शोधावा लागत नाही. त्याची अडचण वेगळी, हात थरथरतात. वर्षानुवर्षं प्रयोग करून सरावलेला माणूस निवांत असतो, म्हणूनच कोरडा असतो. त्यातच वय वाढलं की घाम कमी होतो. अनुभवाने हात साफ होतो हे खरं, पण त्याच हिशेबात तो सुकतोही.

सगळ्यात जुना उपाय थुंकी. जिभेला बोट लावणारा माणूस कोणालाच आवडत नाही, आणि पत्त्यांच्या जादूत तर प्रेक्षकाला तिथेच काहीतरी पाणी मुरतंय असं वाटतं. दुसरा उपाय नोटा मोजणाऱ्यांचा. नृसिंहवाडीत पेढे-बासुंदीच्या दुकानांत गर्दीच्या दिवशी गल्ल्यावर बसणाऱ्याला किंवा बँकेतल्या रोखपालाला ओल्या स्पंजाची डबी नवी नाही. पण स्पंजाचं पाणी मिनिटाभरात उडून जातं. टिकणारी ओल दिली ग्लिसरीनने. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कार्ल शील या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्हचं तेल मुर्दाडशिंगाबरोबर तापवताना हा गोड, दाट द्रव वेगळा काढला. पुढे साबणाच्या कारखान्यांतून तो ढिगाने मिळू लागला. तो हवेतली ओल स्वतःकडे ओढून धरतो. निव्वळ लावला तर चिकटतो, आणि हवा फार कोरडी असेल तर कातडीतलीच ओल ओढतो. म्हणून घरोघर तो गुलाबपाण्यात मिसळतात. कागद-नोटा हाताळणाऱ्यांसाठी चपट्या डबीत मिळणारं बोट-मलम हीच पुढची पायरी. अमेरिकेत ‘सॉर्टक्विक’ नावाची अशी डबी कार्यालयांसाठी निघाली आणि जादूगारांनी ती उचलली. नखाएवढं घ्यायचं, बोटांच्या टोकांना चोळायचं, दोन मिनिटं थांबायचं. तळव्याला थापलं तर पत्ते एकमेकांना चिकटून बसतात.

एका प्रयोगाला मात्र कोरडाच हात लागतो, आणि तो महाराष्ट्रात कित्येकांनी पाहिला आहे. रिकाम्या हातातून विभूती काढणं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते चमत्कार-सादरीकरणात तो करून दाखवतात आणि लगेच उकलूनही सांगतात. राख भाताच्या पेजेत कालवून तिच्या छोट्या गोळ्या वाळवतात. गोळी अंगठ्याच्या बेचक्यात धरून हात दाखवायचा, मग बोटं चोळून ती चुरडायची. हात जरा ओला असला की राख भुरभुरण्याऐवजी बोटांना लेपासारखी बसते आणि चमत्काराचा चिखल होतो. म्हणून दोन्ही प्रयोग एकाच कार्यक्रमात असतील तर विभूती आधी घ्यावी, मग हात पुसून मलम लावावं आणि पत्त्यांना शेवटी हात घालावा. उलट क्रमाने गेलं तर मध्ये साबणाने हात धुवावे लागतात, आणि साबणाने धुतलेला हात पुन्हा पहिल्यासारखा कोरडा.