उल्हास नदीवरील उभे वल्हे
उभ्याने वल्हवीत जलविहार करण्याचा जो शौक हवाई बेटांतील वाइकीकीच्या किनाऱ्यावरून जगभर पसरला व आता गोव्यातही रुजू लागला आहे, त्याचा सरंजाम म्हणजे हवा भरताच लाकडासारखी ताठ होणारी दहाएक फुटांची फळी, डोक्याहून वीतभर उंच वल्हे आणि घोट्यास बांधावयाची दोरी. परंतु ज्या उल्हास नदीच्या खाडीवर, १६५७ साली कल्याण घेतल्यावर, शिवछत्रपतींनी आरमाराचा पाया घातला, तिच्या काठच्या माणसाला याचे अप्रूप ते किती वाटावे! पुढे १८६८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील तरींचे नियमन केले. पण नदीवाटेला पर्याय तत्पूर्वीच उभा राहिला होता; १८५६ साली कल्याणहून पळसदरीकडे आगगाडी धावू लागली होती.

आता ही फळी टाकावी तरी कोठे? शके ९८२ च्या शिलालेखाने विख्यात झालेल्या अंबरनाथच्या शिवालयाजवळून वाहणारी वालधुनी नदी पुढे उल्हासनगरातून जाते. कारखान्यांच्या रासायनिक सांडपाण्याने तिची जी दशा केली, ती पाहता तेथे फळी टाकण्याची कल्पनाही असह्य आहे. राहता राहिली बदलापूरची उल्हास. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ तिच्या पुराने महालक्ष्मी एक्स्प्रेसला वेढले, तेव्हा उतारूंच्या सुटकेसाठी रुळांलगत रबरी नौका आणाव्या लागल्या. म्हणून हौशी मंडळींस विनंती, की पावसाळ्यात या पात्रात फळी घालू नये आणि इतर ऋतूंतही जीवरक्षक जाकिटाविना उतरू नये.