चाळिशीनंतरची शाळा

श्रोतेहो, चाळिशी ओलांडलेला एखादा गृहस्थ वह्या-पुस्तके घेऊन शाळेत निघाला, तर गावात काय होईल? पारावरची मंडळी हसतील. "आता या वयात काय शिकणार, आणि शिकून करणार तरी काय?" असे कोणी तोंडावर विचारीलही. शिक्षण हे कोवळ्या वयाचे काम. पुढे करायची ती शेती किंवा नोकरी, अशी आपली समजूत. आज सांगणार आहे ती हकीगत या समजुतीच्या उलट आहे.

अमेरिकेत एक पदवी आहे. तिचे नाव जरा बोजड आहे : 'जागतिक घडामोडी आणि व्यवस्थापन'. ती नुकत्याच शाळा-कॉलेज सोडलेल्या मुलांसाठी नाही. कारखान्यात, सरकारी कचेरीत, फौजेत किंवा सेवासंस्थेत बरीच वर्षे मुरलेल्या माणसांसाठी ती काढलेली आहे. ही पदवी देणाऱ्या शाळेचे नाव थंडरबर्ड. आणि गंमत अशी, की ही शाळा मुळात शाळा नव्हतीच. तो होता लढाईचा विमानतळ.

अ‍ॅरिझोना संस्थानात, फीनिक्स शहराजवळ ग्लेंडेल म्हणून गाव आहे. रखरखीत मुलूख, पण आकाश वर्षभर निरभ्र. विमान चालवायला शिकवण्यासाठी याहून चांगली जागा कोणती? १९४१ मध्ये तिथे धावपट्टी, बराकी आणि टेहळणीचा मनोरा उभा राहिला. अमेरिकन, ब्रिटिश आणि चिनी तरुण तिथे वैमानिक झाले. १९४५ मध्ये महायुद्ध संपले आणि मैदान ओस पडले. युद्ध संपल्यावर बराकींचे करायचे काय?

हा प्रश्न ज्यांनी सोडवला ते होते लेफ्टनंट जनरल बार्टन काइल यौंट. युद्धकाळात अमेरिकेच्या हवाई दलाचे सारे प्रशिक्षण त्यांच्या हाताखाली होते. सरकारने तो विमानतळ शिक्षणाच्या कामासाठी दिला. अट एवढीच, की निदान दहा वर्षे तिथे शिक्षणच चालावे. ८ एप्रिल १९४६ रोजी संस्थेची नोंद झाली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्ग भरू लागले. पहिले विद्यार्थी बहुतेक सैन्यातून परतलेले. ज्या बराकीत कालपर्यंत शिपाई झोपत, त्याच बराकीत आता व्यापाराचे धडे सुरू झाले.

शिकवायचे काय, याचा विचार मात्र नवा होता. चूल तीन धोंड्यांवर उभी राहते, तशी ही शाळा तीन विषयांवर उभी केली होती. पहिला, परदेशाशी चालणारा व्यापार. दुसरा, त्या देशाची भाषा. आणि तिसरा, त्या मुलखाची माणसे : त्यांचा इतिहास, चालीरीती, राज्यकारभार. नुसता हिशेब येणारा माणूस परमुलखात अर्धा आंधळा आणि भाषा न येणारा पुरता बहिरा, हे या शाळेने ओळखले होते.

त्याच सुमारास अमेरिकेत दुसरीही एक गोष्ट घडत होती. शिकागो विद्यापीठाने १९४३ मध्ये नोकरीत असलेल्या अधिकाऱ्यांसाठी व्यवस्थापनाची पदवी सुरू केली. हार्वर्डमध्येही युद्धाच्या गरजेतून वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांचे वर्ग निघाले आणि १९४५ पासून ते कायमचे झाले. कारण उघड होते. कारखाने रातोरात मोठे झाले होते, आणि कालचा मुकादम आज हजार माणसांचा कारभारी झाला होता. त्याने शाळेत जे शिकले होते ते या कामाला पुरेना. पुढे या दोन वाटा एकत्र आल्या. परदेशाचे ज्ञान आणि मधल्या वयातील शिक्षण यांच्या संगमातूनच आजची ही पदवी निघाली.

आता तुम्ही विचाराल, प्रौढ माणसाला शिकवायचे तरी कसे? शिक्षकबंधूंनो, हे तुमच्या कामाचे आहे. मुलांच्या वर्गात गुरुजी सांगतात आणि मुले ऐकतात. प्रौढांच्या वर्गात एका बाकावर कारखान्याचा व्यवस्थापक, दुसऱ्यावर सरकारी अधिकारी आणि तिसऱ्यावर फौजेतला मेजर बसलेला असतो. एखादा प्रसंग मांडायचा : अमुक देशात राजवट बदलली, बंदर बंद पडले, माल अडकला, आता काय कराल? मग व्यवस्थापक तोट्याचे बोलतो, अधिकारी कायद्याचे बोलतो, मेजर धोक्याचे बोलतो. तिघांनाही कळते की आपल्याला एकच बाजू दिसत होती. विशीतल्या पोराला हे समजणे कठीण, कारण त्याने अजून ठेच खाल्लेली नसते. अशा अभ्यासक्रमांत बहुधा नोकरी सोडावी लागत नाही. सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी वर्ग भरतात. अर्थात हे स्वस्तही नाही आणि सोपेही नाही. फी जबर, आणि घरच्यांच्या वाट्याचा वेळ जातो तो वेगळाच.

या शाळेत विल्यम शुर्झ नावाचे एक विद्वान होते. मनिला आणि मेक्सिको यांच्या दरम्यान चालणाऱ्या जुन्या स्पॅनिश गलबतांच्या व्यापाराचा इतिहास त्यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केला होता. ज्या सीमेवरून व्यापाऱ्यांची ये-जा असते, तिथे शिपायांची गरज क्वचितच पडते, अशा अर्थाचे त्यांचे वचन शाळेने ब्रीद म्हणून घेतले. लढाईच्या मैदानावर उभ्या राहिलेल्या शाळेला ते शोभणारेच होते.

पण श्रोतेहो, ब्रीद गोड आहे म्हणून ते तपासल्याशिवाय घेऊ नये. १९१४ मध्ये इंग्लंड आणि जर्मनी एकमेकांचे मोठे गिऱ्हाईक होते. तरी लढाई झालीच. आणि आपल्याला तर हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. ईस्ट इंडिया कंपनी सुरतेला उतरली ती तराजू घेऊनच! सुमारे १७१५ मध्ये लिहिलेल्या आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी या टोपीकरांविषयी स्पष्ट इशारा दिला आहे. इतर सावकार आणि हे व्यापारी एक नव्हेत. यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, तेव्हा यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये, असा त्याचा मथितार्थ. व्यापार आणि राजकारण हे एकाच दोराचे दोन पीळ आहेत, हे आपल्या एका अमात्याने तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. आपण ते ध्यानात ठेवले नाही, हा दोष त्यांचा नव्हे.

म्हणून मला वाटते, नुसत्या व्यापाराने सीमा शांत होत नाहीत. समोरच्या माणसाला ओळखून आणि त्याचा मान राखून केलेला व्यापार काही अंशी ते काम करतो. ती ओळख शिकावी लागते.

या शाळेलाही चांगले दिवस कायम राहिले नाहीत. पूर्ण वेळ शिकायला येणारे विद्यार्थी घटले, पैशाची ओढाताण झाली. २०१३ मध्ये नफ्यासाठी शिक्षणसंस्था चालवणाऱ्या एका कंपनीशी भागीदारीचा घाट घातला गेला. माजी विद्यार्थी संतापले आणि मान्यता देणाऱ्या मंडळाने ती भागीदारी नाकारली. शेवटी २०१४ च्या अखेरीस ही शाळा अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात सामील झाली, आणि २०१८ मध्ये तिने जुन्या विमानतळाचा निरोप घेऊन फीनिक्स शहरात बिऱ्हाड केले. जगाला बदल शिकवणाऱ्या संस्थेला स्वतःही बदलावे लागले. बदलली, म्हणून टिकली.

या सगळ्याशी आपला काय संबंध, असे कोणाला वाटेल. नाशिककडच्या द्राक्षबागाइतदाराला विचारा. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेली आपली द्राक्षे तिथल्या बंदरांत अडकली. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरतात त्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या औषधाचा अंश त्यांत तिथल्या मर्यादेहून जास्त सापडला. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते औषध नव्हतेच! माल गोड होता, पेटी चांगली होती, कष्टांत कसूर नव्हती. उणीव होती ती परक्या देशाचा नियम वेळेवर कळण्याची. बागाइतदार कर्जात आला तो या एका उणिवेपायी. तेव्हा 'जागतिक घडामोडी' हा विषय बांधापर्यंत आलेला आहे, आपण त्याला बोलावले असो वा नसो.

त्यासाठी सगळ्यांनी अ‍ॅरिझोनाला जावे असे मी म्हणत नाही. मधल्या वयात शिकण्याची सोय आपल्याकडेही आहे. नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने मुक्त विद्यापीठ निघाले, आणि नोकरी सांभाळून तिथे शिकलेले कितीतरी शिक्षक आज तुमच्यात बसलेले असतील. त्यांनी आपला अनुभव गावात सांगावा. आणि गुरुजी, तुमच्याकडे नकाशा आहे, वर्तमानपत्र आहे, शाळेची खोली संध्याकाळी रिकामी आहे. आठवड्यातून एकदा गावातल्या शेतकऱ्यांना तिथे बोलवा. आपला कांदा, आपली द्राक्षे, आपला कापूस कोणत्या देशात जातो, तिथले लोक काय मागतात, तिथले कायदे काय सांगतात, एवढेच आधी बोला. सुरुवातीला चारच जण येतील आणि पारावरची मंडळी हसतीलही. पुढचा हंगाम येईपर्यंत धीर धरा.