काळी महामारी आणि इंग्लंडमधील भूदासपद्धतीचा ऱ्हास

युरोपीय मध्ययुगाची अखेर सांगताना १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाचा उल्लेख करण्याचा प्रघात आहे. राजकीय इतिहासापुरता तो ठीकच. परंतु इंग्लंडमधील कष्टकऱ्याच्या जीवनाला वळण मिळाले ते त्याआधी सुमारे शंभर वर्षे, प्लेगच्या साथीमुळे.

१३४७ च्या ऑक्टोबरमध्ये जिनोआच्या गलबतांबरोबर सिसिलीतील मेसिना बंदरात शिरलेला प्लेग १३४८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोहोचला. अल्पावधीत देशाची एक तृतीयांश ते निम्मी लोकसंख्या मृत्युमुखी पडली. कापणीला माणसे मिळेनात. साहजिकच उरलेला मजूर अधिक मजुरी मागू लागला. तिसऱ्या एडवर्डच्या शासनाने १३४९ मध्ये वटहुकूम काढला आणि १३५१ मध्ये पार्लमेंटने कायदा करून तो अधिक कडक केला. उपजीविकेचे अन्य साधन नसलेल्या, साठ वर्षांखालील प्रत्येक धडधाकट व्यक्तीने साथीपूर्वीच्या दरानेच काम करावे, असे बंधन घालण्यात आले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कापणी करणाऱ्यास दिवसाला २ पेन्स, दुसऱ्या आठवड्यात ३ पेन्स, इतक्या बारकाईने दर ठरविलेले दिसतात. शासनकर्त्या वर्गाला बसलेली धास्ती या बारकाईतूनच प्रत्ययास येते. हा कायदा मोडणाऱ्यांत जमीनदारही होते. पीक शेतात कुजू देण्यापेक्षा जादा मजुरी वा जेवण देणे त्यांना परवडत असे. दंड मात्र मुख्यतः मजुरालाच झाला.

या असंतोषात डोईपट्टीची भर पडली. १३७७ मध्ये माणशी ४ पेन्स असलेली पट्टी १३८० च्या अखेरीस १ शिलिंग, म्हणजे तिप्पट, झाली. जून १३८१ मध्ये केंट व एसेक्समधील बंडखोर लंडनमध्ये शिरले. ठिकठिकाणी त्यांनी जहागिरीच्या न्यायसभांची दप्तरे जाळली. कोणाकडे किती वेठ निघते, याचा पुरावा त्यांतच होता. १४ जून रोजी माइल एंड येथे चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्डने भूदासमुक्तीचे वचन दिले. दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्ड येथे बंडाचा नेता वॉट टायलर मारला गेला आणि जुलैमध्ये वचन मागे घेण्यात आले.

भूदासमुक्तीचे श्रेय या उठावास देणे त्यामुळे धाडसाचे ठरेल. प्लेग १३६१ पासून पुनःपुन्हा उलटत राहिला, मनुष्यबळाची टंचाई टिकली आणि पंधराव्या शतकात जमीनदारांनी वेठीऐवजी रोख खंड स्वीकारला. बंडखोरांनी जाळलेल्या दप्तरांसारख्याच दप्तरांतील नोंदीची नक्कल पुढे कुळाच्या जमिनीवरील हक्काचा पुरावा म्हणून मान्य झाली.